सुनेचा मेल घरून उघडेना

माझी सून पुण्यातल्या एका कंपनीत खरेदीच्या खात्यात आहे. कंपनीला लागणारा माल कुणाकडून घ्यायचा, काय भावानं, कधी यायचा, हे ती बघते. सगळं काम मेलवर चालतं. घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर, ओसरीत टेबल टाकून ती पुण्याचं काम करते. मेल उघडला तर करते. नाही उघडला तर तिला पुण्याला जावं लागतं, आणि ती गेली की माझ्या घराला कुलूप लागतं. गोष्ट एवढीच आहे. पण ती मला खरी वाटायला लई वेळ लागला.

मी जन्मभर हेडी. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. शाळा चौथीपर्यंत, पुढची हयात घोडेगावच्या बाजारात गेली. ह्या धंद्यात कुणावर विश्वास ठेवायचा नसतो. विकणारा म्हणतो, म्हैस लई गरीब आहे, लहान पोरगं धार काढतं. मग इतकी गुणाची म्हैस तू विकतोस कशाला, हे आधी मनात यायला पाहिजे. कास टच्च दिसली की समजायचं, कालपासून पिळली नाही, तुंबवून आणली. शिंगांना तेल, गळ्यात नवा कासरा म्हणजे काहीतरी झाकायचंय. वय कितीही सांगितलं तरी जबडा उघडून आधी दात बघायचे. माणसंही मी तशीच बघतो. आमची मंडळी म्हणायची, "तुमी देवाला गेलात तर मूर्तीचे बी दात बघाल."

ती गेली. सकाळी चुलीपुढून उठताना परत खाली बसली, आणि दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहून ती माघारी येत असती तर वह्या भरल्या असत्या.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मुलगा पुण्यातच दुसऱ्या कंपनीत आहे, त्याची पाळीची नोकरी, त्याला राहता येत नव्हतं. जाताना म्हणाला, "आबा, ही राहतेय थोडे दिवस. तिच्या साहेबानं घरून काम करायची परवानगी दिलीय."

मला तिथंच शंका आली. पगारदार बाई, माहेर कोल्हारचं, नदीकाठचं, बागाईतातलं. ती आमच्या कोरड्या वस्तीवर, म्हशीच्या शेणाच्या वासात कशाला राहील? मुलानं माझ्यावर राखण ठेवली, असं मी धरलं. म्हातारा आठ-पंधरा दिवसांत थकेल, मग आपसूक पुण्याच्या फ्लॅटमध्ये येईल, म्हशी विकता येतील, असा काहीतरी डाव असणार.

तरी पहिले काही आठवडे बरे गेले. खांबावरून तार ओढून घरात इंटरनेट आलं. सून सकाळी माझी साखरेच्या दुखण्याची गोळी आणि चहा पुढ्यात ठेवायची आणि टेबलाला बसायची. मी समोर बाजेवर. कॉम्प्युटर उघडला की ती काहीतरी टाइप करायची, मग फोन बघायची, मग परत टाइप करायची. एक दिवस मी विचारलंच.

"बाई, दर बारीला फोनात काय बघती?"

"आकडे बघते, मामा." आमच्याकडं सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. "ऑफिसात बसलं की मेल तसाच उघडतो. बाहेरून उघडायचा तर आधी पासवर्ड, आणि वर फोनमध्ये सहा आकडे येतात ते घालायचे. आकडे सारखे बदलत राहतात. कंपनीच्या मशीनला पण तेच आकडे ठाऊक असतात. दोन्हीकडचे जुळले की दार उघडतं."

"म्हंजी रुमालाखालचा सौदा म्हन की."

ती हसली. बाजारात आम्ही भाव तोंडानं बोलत नाही. दोघांचे हात एका रुमालाखाली, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा दोघांनाच कळतो. कंपनीवाले शहाणे आहेत असं मला त्या दिवशी वाटलं.

आमचं भांडण झालं ते घड्याळावरून. भिंतीवरचं घड्याळ मंडळीनं कायम पुढं ठेवलेलं. एकदा उशीर झाला म्हणून डेअरीवाल्यानं तिचं दूध माघारी पाठवलं होतं. तेव्हापासून तिनं काटे पुढं सारले ते सारलेच. धार, डेअरी, भाकरी, माझी गोळी, घराचा सगळा कारभार तिच्या त्या पुढच्या वेळेवर. सेल संपून घड्याळ बंद पडलं, तर सुनेनं नवा सेल घालून ते बरोबर लावलं. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"त्या घड्याळाला हात कुनी लावायला सांगितला?"

"मामा, ते चुकीचं होतं."

"ते तिचं हुतं!"

सून स्टुलावर चढली आणि काटे होते तसे पुढं केले. पुढं कितीतरी वेळ घरात भांड्यांचाच आवाज होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मेल उघडायचा थांबला.

सकाळी ती टेबलाला बसली, आकडे घातले. पडद्यावर काहीतरी लाल आलं. परत घातले. परत लाल. चार-पाच वेळा केल्यावर दारच बंद झालं. ती फोनवर कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्याशी बोलायला लागली. मी बाजेवर पडून, डोळे मिटून सगळं ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं दार परत मोकळं करून दिलं आणि पासवर्ड बदलायला लावला. उघडलं नाही. कॉम्प्युटरात जुना साठून राहिलेला कचरा पुसायला लावला. उघडलं नाही. इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. घरचं इंटरनेट सोडून मोबाईलचं वापरून बघितलं. तारवाला आला, खांबावर चढला, उतरला, म्हणाला, "आमचं सगळं ओके आहे, लोचा तुमच्या कंपनीचा." कंपनीवाला म्हणाला, "आमच्याकडं बाकी सगळ्यांचं चालू आहे." दोघंही हात झटकून मोकळे. बाजारात जनावर लंगडलं की असंच होतं. विकणारा म्हणतो टेम्पोत लागलं, टेम्पोवाला म्हणतो चढवतानाच लंगडत होतं.

आता एक गोष्ट मी बघत होतो. दुसरं सगळं उघडत होतं. सिनेमा उघडत होता, बातम्या उघडत होत्या, तिच्या आईचा चेहरा फोनात रोज संध्याकाळी उघडत होता. कंपनीचा मेल तेवढा उघडत नव्हता. ह्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला.

मुलाचा फोन आला. बाजारात भागीदारीतली म्हैस असली की दोन्ही भागीदारांना वेगवेगळं गाठून विचारायचं असतं. मी फोन घेऊन गोठ्याकडं गेलो.

"काय रे, बायकूचा मेल का उघडत न्हाई?"

"मला काय माहीत, आबा. तिच्या कंपनीचं आहे ते."

"तुला ठाव न्हाई?"

"तुम्ही मला असं का विचारताय, पोलिसासारखं?" मग थांबून म्हणाला, "तिचा साहेब वैतागलाय. असंच राहिलं तर ऑफिसला यावं लागेल म्हणतोय. मग तुम्ही एकटे कसे राहणार? चला ना इकडं. म्हशींना काय, गिऱ्हाईक मिळेल."

बघा. मेलाचं विचारलं आणि गडी म्हशींच्या गिऱ्हाइकावर आला. उत्तर तयार ठेवलेलं होतं. मी फोन ठेवला आणि दोन्ही म्हशींच्या पाठीवरून हात फिरवला. थोरली मंडळीच्या हातावरची. तिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही, आता कुठं मला सोडायला लागली होती. ही विकायची? आणि मी पुण्यात चौथ्या मजल्यावर काय करू, ग्यालरीत उभा राहून गाड्या मोजू? मंडळीचा हात ज्या भिंतीला लागलेला आहे ती भिंत इथं. माझं मरण इथं. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण मनात पक्कं होतं.

पुढं एक दिवस सून पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेली, ऑफिसात जाऊन बघते म्हणाली. दिवस मावळता मावळता आली. मी दारातच होतो.

"उघडला?"

"लगेच उघडला, मामा. खुर्चीत बसले आणि उघडला."

झालं, माझी खात्रीच पटली. विकणाऱ्याच्या दारात म्हैस चरवी भरून दूध देते आणि आपल्या दारात आणली की लाथ मारते. तिचं मन अजून जुन्या दारात असतं. हिचा मेल पुण्यातच उघडतो, कारण हिचं मन पुण्यात. ताटावर बसलो तेव्हा मी बोलून टाकलं. पोटात ठेवणं मला जमत नाही.

"बाई, जायचं असंल तर सरळ जा. मेलाचं निमित्त कशाला करायचं? मला काय कळत न्हाई व्हय?"

तिचा भाकरी थापायचा हात थांबला. "काय कळतं तुम्हाला?"

"तुमी दोघांनी मिळून ठरवलंय. मेल उघडत न्हाई म्हनायचं, मग म्हाताऱ्याला गाडीत घालायचं, मग म्हशी."

मला वाटलं रडेल. कोल्हारची पोर, रडते कसली. पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून उभी राहिली.

"मामा, मला जायचं असतं तर तोंडानं सांगून गेले असते. तुमच्यासारखी रुमालाखाली बोटं दाबत बसले नसते. आज येताना एसटीत उभी राहून आले. साहेबासमोर हात जोडले, म्हटलं एवढा आठवडा द्या. सोमवारपर्यंत मेल सुरू झाला नाही तर ऑफिसला यायचं, असं म्हणाला. आणि तुम्ही इथं माझे दात बघताय."

मी भाकरी मोडली.

"उद्या दुपारी तो कॉम्प्युटरवाला व्हिडिओवर येणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसायचं. तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या काय व्हायचं ते."

"बसतो की. मला काय भ्या हाय?"

दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. पडद्यावर एक दाढीवाला गडी आला. कानाला डबे लावलेले. त्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "नमस्कार काका."

मी मान हलवली. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच राग.

तो म्हणाला, "मॅडम, स्क्रीन माझ्या ताब्यात द्या." सुनेनं काहीतरी दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पडद्यावरचा बाण आपोआप इकडून तिकडं पळायला लागला. खिडक्या उघडायला लागल्या, मिटायला लागल्या.

"बाई, हे कोन हलवतंय?"

"तोच, मामा. पुण्यातून."

"आन त्याला घरात घेतलं कुनी?"

"मीच घेतलं. परवानगी दिली त्याला."

"मग दाराला कडी लावून उपेग काय?"

तो गडी हसला. "काका, माझं काम झालं की मी आपोआप बाहेर पडतो."

"समदे असंच म्हनत्यात," मी म्हटलं. "गेल्यावर चमचे मोजावं लागत्यात."

सुनेनं पदर तोंडाला लावला. हसली का काय, मला कळलं नाही. गडी पुढं कामाला लागला. माझी नजर बाणावर. तो बँकेत शिरतो का, फोटोत शिरतो का, ते मी बघत होतो. त्यानं पासवर्ड तपासला, बरोबर. दुसऱ्या खिडकीतून बघितलं, तेच लाल. मग डोकं खाजवून म्हणाला, "मॅडम, सगळं बरोबर आहे. आकडेच चुकतायत. तुमचा फोन जरा कॅमेऱ्यासमोर धरा, कुठले आकडे येतात बघू दे मला."

सुनेनं फोन धरला. त्यानं मान पुढं केली.

"थांबा. तसाच धरा. मॅडम, तुमच्याकडं किती वाजले?"

"का?"

"फोनच्या वरच्या कोपऱ्यात बघा. आणि लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात बघा."

मीही बघितलं. आकडे मला वाचता येतात. दोन्हीकडं वेगवेगळी वेळ होती.

"फोन पुढं आहे तुमचा," गडी म्हणाला. "हे सहा आकडे वेळेवरूनच तयार होतात. तुमचा फोन पुढच्या वेळेचे आकडे देतोय, आमचं मशीन आत्ताचे मागतंय. जुळणार कसे? फोनची वेळ आपोआप लागते खरं तर. कुणी बदलली का?"

सून म्हणाली, "मीच बदलली."

सापडली, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला लिहू. तिनं स्वतःच्या हातानं फोन फिरवला, मेल बंद पाडला, आणि आता साहेबाच्या माणसासमोर पकडली गेली. मी खुर्चीत ताठ झालो.

"का पण?" गड्यानं विचारलं.

तिनं त्याला उत्तर दिलं नाही. माझ्याकडं वळली.

"आत्यांच्या घड्याळाला लावली, मामा. तुम्ही ओरडलात ना त्या दिवशी. भिंतीवर एक वेळ, फोनमध्ये दुसरी. तुमची गोळी कधी आधी व्हायची, कधी मागं राहायची. डेअरीला दोनदा धावत गेले. मग म्हटलं, घर आत्यांच्या वेळेवर चालतंय तर आपण पण त्यांच्या वेळेवर चालू. त्यानं मेल अडेल हे मला काय माहीत?"

मला टोपी काढून परत घालावीशी वाटली, मी तेवढंच केलं. ह्या बाईनं कंपनीच्या कामाचा फोन, पुण्याचा फोन, माझ्या मेलेल्या बायकोच्या वेळेवर चालवला होता, आणि मला सांगितलंही नव्हतं. मी तिच्यावर पाळत ठेवून बसलो होतो.

"मॅडम, ऐकू येतंय ना?" गडी म्हणाला. "सेटिंगमध्ये जाऊन वेळ ऑटोमॅटिक करा."

तिचं बोट फोनवर थांबलं. "करू का, मामा?"

"कर की. मला काय इचारती."

"मग तुमच्या गोळीचं?"

"मी बघंन भिंतीवर. मला डोळं हाईत."

"आणि भिंतीवरचं तसंच राहू द्या," ती म्हणाली. "त्याच्याकडं कोण आकडे मागायला येणार आहे?"

तिनं फोन सरळ केला. आकडे घातले. लाल आलं नाही. पडदा पांढरा झाला आणि वरून खालपर्यंत काळ्या ओळीच ओळी आल्या. इतक्या दिवसांचे तुंबलेले मेल. गडी म्हणाला, "चला, मिटलं," आणि बाण सोडून गेला. तो खरंच गेला का म्हणून मी बराच वेळ पडद्याकडं बघत राहिलो.

पण मिटलं कुठं होतं? त्या ओळींत सगळ्यात वर साहेबाचा मेल होता. सुनेनं मनातल्या मनात वाचला, आणि तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं.

"काय म्हनतोय?"

"मी तिथून निघाल्यावर त्यानं लिहिलंय. दुसरं माणूस नेमता येणार नाही, सोमवारपासून ऑफिसला या. कालच्या बोलण्यातला आठवडा बिठवडा काही नाही."

"मग लिव त्याला. उघडला म्हनून लिव."

ती लिहायला लागली. कंपनीत सगळं इंग्रजीत चालतं. लिहून झाल्यावर मी म्हटलं, "वाच. मराठीत सांग."

"मेल सुरू झाला आहे, अडचण फोनच्या वेळेची होती, असं लिहिलंय. सासरे घरी एकटे आहेत, त्यांची तब्येत बरी नसते, म्हणून मला इथूनच काम करू द्यावं."

"तब्येतीचं काढ. मी ठनठनीत हाय."

"मामा, काहीतरी कारण द्यावं लागतं."

"खोटं कारन नको. मी आजारी हाय म्हनलं की उद्या पोरगा अँब्युलन्स घिऊन यील."

तिनं ते पुसलं. "मग काय लिहू? कशासाठी राहते म्हणून सांगू?"

इतका सरळ सवाल मला बाजारात कुणी केला नव्हता. मी अंगणाकडं बघत बसलो. थोरली म्हैस दाव्याला ओढ घेत होती, तिला पाण्याची वेळ झाली होती.

"लिव," मी म्हटलं, "सासू गेल्यापास्नं घरात बोलायला कोन न्हाई."

"कुणाला?"

"दोघास्नी."

ती कीबोर्डवर वाकली. बराच वेळ टाइप करत होती. तिनं तेच लिहिलं का दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

"हेच लिवलं कशावरून?" मी विचारलं.

नाक ओढत म्हणाली, "मामा, आता एक तर इंग्रजी शिका, नाहीतर विश्वास ठेवा."

साहेबाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दिवाळीपर्यंत घरून चालेल, मेल बंद पडता कामा नये, पुढचं पुढं बघू. पुढचं पुढं बघू म्हणजे काय, हे मी तिला तीनदा विचारलं. माझ्या अनुभवात असं बोलणाऱ्या माणसाच्या मनात नकार असतो. ती म्हणाली, "दिवाळी तर येऊ द्या." मुलालाही तिनंच फोन केला. म्हशींचं गिऱ्हाईक बघू नका, एवढंच मला दारातून ऐकू आलं.

आता ती फोनच्या वेळेवर काम करते आणि स्वयंपाक भिंतीवरच्या. मधल्या काही मिनिटांत ती कशी चालते ते तिचं तिला ठाऊक. गोळी माझी मी घेतो. धार काढून आलो की हात धुवायच्या आधी ओसरीत जातो आणि विचारतो, "उघडला का?"

"उघडला, मामा."

तरी मी तिच्या खुर्चीमागं जाऊन वाकून बघतो. पडद्यावर काळ्या ओळी दिसल्या म्हणजे मग म्हशींना पाणी पाजायला जातो.